फॉर्म तयार, पत्रं बाकी: अमेरिकेतल्या एका मेडिकल अर्जाचं प्रकरण

१३ जूनच्या रात्री ताईचा न्यू जर्सीहून फोन आला. आवाज दबका, म्हणजे दाजी शेजारच्या खोलीत असणार.

"हिचा फॉर्म तयार आहे गं, पण एका सरांचं पत्र काही येईना. हे म्हणतात, सगळी पत्रं आल्याशिवाय सबमिट करायचं नाही."

"फॉर्म तयार कधीपासून आहे?"

"एक तारखेपासून."

मी कपाळावर हात मारला. (पत्र म्हणजे आपण ज्याला शिफारसपत्र म्हणतो ते, विद्यार्थ्याला ओळखणाऱ्यानं त्याच्याबद्दल लिहिलेलं.) पेनसिल्व्हेनियातल्या एका विद्यापीठात, मेडिकलला जाऊ पाहणाऱ्या मुलांना सल्ला देणाऱ्या ऑफिसात मी काम करते. दिवसभर लोकांच्या मुलांना जे सांगते, तेच घरच्या मुलीला, ताईच्या लेकीला, सांगायचं राहून गेलं होतं. तिनं विचारलं नाही, आणि उगाच लुडबूड नको म्हणून मीही गप्प बसले. पुढचं सगळं तिच्या परवानगीनं लिहिते आहे. माणसांची आणि कॉलेजांची नावं गाळली आहेत.

आधी भाचीबद्दल थोडं. बायॉलॉजीची पदवी, नंतर एक वर्ष एका क्लिनिकमध्ये मेडिकल असिस्टंटची नोकरी. एप्रिलच्या अखेरीस एमकॅट ही मेडिकलची प्रवेशपरीक्षा दिली, ५२८ पैकी ५१२ आले. तिच्या विद्यापीठात कमिटी लेटरची सोय नव्हती. काही विद्यापीठांत एक समिती विद्यार्थ्याची मुलाखत घेऊन, प्राध्यापकांचं म्हणणं एकत्र करून एकच मोठं पत्र देते. जिथे ती असते तिथे तिचं वेळापत्रक हेच खरं वेळापत्रक, आणि ते पत्र पुष्कळदा जुलै-ऑगस्टपर्यंत येत नाही. भाचीला मात्र सुटी पत्रं जमवायची होती, म्हणजे पाच वेगवेगळ्या माणसांच्या सवडीवर अवलंबून राहायचं होतं: ऑरगॅनिक केमिस्ट्रीचे प्रोफेसर, जिथे दोन वर्षं संशोधन केलं त्या लॅबचे प्रमुख (त्यांना सगळे पीआय म्हणतात), इतिहासाच्या प्राध्यापिका, क्लिनिकमधल्या डॉक्टर, आणि पाचवं कोण ते ठरलं नव्हतं. बहुतेक कॉलेजं दोन पत्रं विज्ञान शिकवलेल्या प्राध्यापकांची मागतात, एखादं विज्ञानाबाहेरचं. बाकीचं कॉलेजागणिक बदलतं.

एक तारखेला हातात दोनच पत्रं होती, इतिहासाच्या बाईंचं आणि क्लिनिकच्या डॉक्टरांचं. पीआय "पुढच्या आठवड्यात" म्हणत होते. ऑरगॅनिकच्या सरांकडून चकार शब्द नव्हता.

दाजींचं म्हणणं मला समजत होतं. नव्वदच्या दशकात त्यांनी कराडला इंजिनिअरिंग केलं. त्या काळात प्रवेशाचा फॉर्म म्हणजे डोमिसाईल, नॅशनॅलिटी, जातीचा दाखला, प्रत्येकाच्या अटेस्टेड कॉप्या, आणि त्या अटेस्ट करणाऱ्या गॅझेटेड ऑफिसरच्या दारात तासभर उभं राहणं. एक कागद कमी पडला की खिडकीतून फॉर्म परत. आजही सीईटी सेलच्या कॅप राउंडला पुतण्या बसला की गावाकडून हेच फोन येतात, नॉन-क्रिमीलेअर मिळालं का, अपलोड झालं का. अपुरा फॉर्म भरायचा नाही, हा नियम त्यांच्या हाडात भिनला आहे आणि तिथे तो बरोबरच आहे.

इथे तो उलटा पडतो.

अमेरिकेतल्या एमडी कॉलेजांचे (तिथे एमडी ही डॉक्टरकीची पहिली पदवी, आपल्या एमबीबीएससारखी) बहुतेक अर्ज मेडिकल कॉलेजांच्या एएएमसी या संघटनेच्या एकाच पोर्टलवरून जातात. त्याचं नाव एएमसीएएस, तोंडी ॲमकॅस. मेच्या सुरुवातीला ते उघडतं, मेच्या अखेरीपासून सबमिट करता येतं, आणि जूनच्या शेवटी तपासून झालेले अर्ज कॉलेजांकडे जायला लागतात. मधल्या काळात ॲमकॅसची माणसं प्रत्येकाचे विषय आणि ग्रेड ट्रान्सक्रिप्टशी, म्हणजे कॉलेजच्या गुणपत्रिकेशी, ताडून पाहतात. गर्दीत याला सहा आठवड्यांपर्यंत लागतात. या रांगेत शिरायला अर्ज लागतो आणि प्रत्येक कॉलेजची अधिकृत ट्रान्सक्रिप्ट लागते. पत्रं लागत नाहीत. पत्र कुणाचं येणार एवढी नोंद करायची आणि सबमिट करून मोकळं व्हायचं. अर्जाची तपासणी चालू असताना पत्र आलं तरी चालतं, नंतर आलं तरी ते कॉलेजला पाठवलं जातं.

म्हणजे घड्याळं दोन आहेत. पहिलं अर्जाचं, ते आपल्या हातात. दुसरं पत्रांचं, ते दुसऱ्यांच्या हातात. दाजींनी दुसऱ्यासाठी पहिलं थांबवून ठेवलं होतं.

थांबण्याची किंमत इतकी का? कारण बहुतेक कॉलेजं शेवटची तारीख उलटण्याची वाट बघत नाहीत. पूर्ण झालेली फाईल येईल तशी वाचतात, मुलाखतीला बोलावतात, आणि १५ ऑक्टोबरपासून प्रवेशाचे होकार द्यायला लागतात. एमडीला दरवर्षी ५०,०००हून जास्त अर्जदार असतात आणि जागा साधारण २३,०००. संकेतस्थळावर शेवटची तारीख ऑक्टोबर किंवा नोव्हेंबरची दिसते, आणि आपल्याकडची मंडळी तिच्याकडे बघून निर्धास्त होतात.

त्याच रात्री पावणेबाराला भाचीनं १९ कॉलेजांसाठी अर्ज सबमिट केला. तपासणी पूर्ण झाली १९ जुलैला. तिच्या रूममेटनं १ जूनला सबमिट केलं होतं, तिचा अर्ज ३० जूनला मोकळा झाला. बारा दिवसांचे जवळजवळ तीन आठवडे झाले, कारण रांग रोज लांबत होती.

आता पत्रांकडे येऊ. खरा गुंता तिथे होता, आणि तो जूनमध्ये सुरूच झाला नव्हता.

जानेवारीत भाचीनं चौघांनाही ईमेल करून विचारलं होतं. चौघांनीही हो म्हटलं. मार्चमध्ये तिनं तिघांना बायोडेटा, अर्जातला निबंध आणि तारीख पाठवली. ऑरगॅनिकच्या सरांना पाठवली नाही. का, तर ते सर शिस्तीचे, त्यांना अर्धवट काही द्यायचं नाही, ॲमकॅस उघडलं की लेटर आयडी मिळेल, मग एकदमच पाठवू. लेटर आयडी म्हणजे त्या एका पत्राचा क्रमांक. पोर्टलवर पत्राची नोंद केली की विनंतीचा एक कागद तयार होतो, त्यावर हा क्रमांक असतो आणि लिहिणारा तो वापरून पत्र चढवतो. मेच्या पहिल्या आठवड्यात तिनं तो कागद सरांना पाठवला आणि दोन मिनिटांत आपोआप उत्तर आलं: सर ऑगस्टअखेरपर्यंत सबॅटिकलवर, म्हणजे लांबच्या रजेवर, परदेशात, ईमेल क्वचित पाहतात.

जानेवारीतलं "हो" हे खरं होतं, पण त्याला तारीख नव्हती. तारीख नसलेलं हो म्हणजे लग्नात भेटलेल्या पाहुण्याचं "या एकदा घरी".

क्रमांक नसताना पत्र मागता येत नाही हा गैरसमज मला दरवर्षी भेटतो. लिहून ठेवायला क्रमांक लागत नाही. इंटरफोलिओसारख्या सेवेत पत्र गोपनीय ठेवता येतं आणि पोर्टल उघडल्यावर तिथून पाठवता येतं. भाचीनं इतिहासाच्या बाईंचं पत्र दोन वर्षांपूर्वी, कोर्स संपला त्याच महिन्यात, असंच घेऊन ठेवलं होतं. बाईंना तिचा तो निबंध आठवत होता, वर्गातला वाद आठवत होता. मेमध्ये तिनं बाईंना फक्त एवढंच विचारलं, की नवीन तारीख घालून आणि मधल्या दोन वर्षांच्या दोन ओळी जोडून पुन्हा चढवाल का? तीन दिवसांत झालं. पाचांतलं हे एकच पत्र योग्य वेळी मागितलं गेलं होतं, आणि तेही योगायोगानं. त्या वर्षी तिला एका शिष्यवृत्तीसाठी पत्र हवं होतं.

अर्ज सबमिट झाल्यावर दाजींनी एक तोडगा सुचवला. त्यांच्या ओळखीत एका मोठ्या हॉस्पिटलातले नामांकित सर्जन आहेत, मराठी मंडळाच्या गणपतीत भेटतात. भाचीनं त्यांच्यामागे दोन दिवस फिरून काम पाहिलं होतं. "त्यांची एक चिठ्ठी पुरेल. त्यांचं नाव वाचलं की..." दाजींनी वाक्य पूर्ण केलं नाही, पण सगळ्यांना कळलं.

आपल्या भाषेतच ही खोच आहे. शिफारस म्हटलं की मागोमाग वशिला येतो. गावाकडे चिठ्ठी आमदाराची असते, आणि तिच्यात उमेदवाराबद्दल काही लिहिलेलं नसलं तरी चालतं, खालची सही बोलते. शिवाय महाराष्ट्रात एमबीबीएसला नीटचे ७२० पैकी मार्क बोलतात, पत्राला जागाच नाही. त्यामुळे मेडिकलसाठी पत्र म्हटल्यावर डोळ्यांसमोर दुसरं काही येत नाही. एएएमसी मात्र या कागदाला शिफारसपत्र म्हणतच नाही, मूल्यमापनाचं पत्र म्हणते. लिहिणाऱ्यांसाठीच्या त्यांच्या सूचनांत अर्जदाराची वकिली करू नका, अचूक मूल्यमापन करा, असं स्पष्ट आहे. किती काळ ओळखता, कुठल्या नात्यानं, स्वतः काय पाहिलं, ते लिहा. दोन दिवस पाहिलेला सर्जन यातलं काय लिहिणार? "मुलगी हुशार आणि नम्र आहे, घराणं चांगलं आहे." असलं पत्र वाचणाऱ्याला त्यातून एकच गोष्ट कळते, की वडिलांची ओळख आहे.

मी हे दाजींना जसंच्या तसं सांगितलं नाही. दाजी आहेत ते. मी म्हटलं, "सर्जनसाहेबांना आपण राखून ठेवू."

त्यांचा दुसरा आक्षेप रास्त होता. प्रत्येक पत्राच्या नोंदीबरोबर विद्यार्थ्याला ठरवावं लागतं, की पत्र वाचण्याचा हक्क सोडायचा का. १९७४ च्या फर्पा या कायद्यानं विद्यार्थ्याला आपल्या शैक्षणिक नोंदी पाहण्याचा हक्क दिलेला आहे. "कायद्यानं दिलेला हक्क कशाला सोडायचा? काय लिहिलंय ते कळायला नको?" तत्त्व म्हणून बरोबर. व्यवहारात जवळजवळ सगळे सोडतात, कारण विद्यार्थी वाचणार हे माहीत असताना लिहिलेल्या पत्रावर वाचणारे कमी विश्वास ठेवतात, आणि काही प्राध्यापक तर तसं पत्र लिहायलाच तयार नसतात. भाचीनं सोडला. काय लिहिलंय ते आधी ओळखायचा एकच मार्ग उरतो. मागतानाच विचारायचं, "तुम्ही मला भक्कम पत्र देऊ शकाल असं तुम्हाला वाटतं का?" आणि उत्तर येण्याआधीची शांतता मोजायची. समोरचा घुटमळला, "मी कोर्समधल्या ग्रेडबद्दल लिहू शकेन" म्हणाला, तर आभार मानून बाहेर पडायचं. तो नकारच असतो, सभ्य माणसाचा.

पीआयंची गोष्ट वेगळीच. १८ जूनला त्यांचं उत्तर आलं: वेळ अजिबात नाही, तूच एक मसुदा लिहून पाठव, मी बघून सही करतो. हे फक्त आपल्याकडे चालतं असं समजू नका, अमेरिकन लॅबमध्येही सर्रास चालतं. भाची गोंधळली. स्वतःची स्तुती स्वतः लिहून दुसऱ्याच्या सहीनं पाठवायची, आणि वर गोपनीयतेच्या रकान्यात आपण हे वाचणार नाही असं म्हणायचं? हा सरळ खोटेपणा आहे, माझं मत यात डळमळीत नाही. पण पीआयंना "नाही" म्हटलं तर पत्र गेलं.

तिनं मसुद्याऐवजी दीड पानाचं टिपण पाठवलं. विशेषण एकही नाही, नुसते प्रसंग. दुसऱ्या वर्षी पेशींचं कल्चर तीनदा दूषित झालं तेव्हा चूक इनक्युबेटरमधल्या पाण्याच्या तबकात आहे हे कसं शोधलं. नव्या मुलीला वेस्टर्न ब्लॉट शिकवताना काय लिहून दिलं. लॅब मीटिंगमध्ये स्वतःचाच आलेख चुकलाय हे कधी कबूल केलं. खाली एक ओळ: "पत्राचे शब्द तुमचे असावेत असं मला वाटतं, आठवायला मदत म्हणून हे." पीआयंनी ते मनावर घेतलं असावं. २९ जूनला पत्र चढलं, आणि त्यांनी उलट ईमेलमध्ये लिहिलं, की पाण्याच्या तबकाचं ते विसरूनच गेले होते.

ऑरगॅनिकच्या सरांची वाट बघणं आम्ही १६ जूनला सोडून दिलं. नोंद काढून टाकता येत नाही, सबमिट केल्यावर ती तशीच राहते, पण एकूण दहा नोंदींपर्यंत नवीन जोडता येतात. तिनं फिजिऑलॉजीच्या प्राध्यापिकांना विचारलं. त्यांच्या वर्गात ती एक सत्र टीचिंग असिस्टंट होती. आधी का नाही विचारलं? तर त्या कोर्समध्ये ए-मायनस होता आणि ऑरगॅनिकमध्ये ए. मुलं अशीच निवड करतात. ग्रेड ट्रान्सक्रिप्टवर छापलेलीच असते, पत्रानं तिच्यापलीकडचं काही सांगायचं असतं, आणि ते ए-मायनसवाल्या बाईंकडे जास्त होतं.

इथे एक गंमत झाली, त्या वेळी ती गंमत वाटली नव्हती. २५ जूनला पोर्टलवर पीआयंच्या पत्रापुढे "मिळालं" असं दिसायला लागलं. भाचीनं खूश होऊन त्यांना आभाराचा ईमेल टाकला. त्यांचं उत्तर: "मी अजून लिहायला घेतलंय फक्त." मग आलं कुठून? तासभर डोकं खाजवल्यावर उलगडा झाला. फिजिऑलॉजीच्या बाईंना घाईत विनंतीचा कागद पाठवताना तिनं फाईल चुकीची जोडली होती, पीआयंची. बाईंनी निमूटपणे त्या क्रमांकाखाली आपलं पत्र चढवलं होतं. बाईंची माफी मागून त्यांच्याकडून योग्य क्रमांकाखाली पुन्हा चढवून घेतलं, ॲमकॅसला फोन करून काय झालं ते सांगितलं. तो ईमेल टाकला नसता तर हे ऑगस्टपर्यंत कळलं नसतं. तेव्हापासून मी मुलांना सांगते, की फाईलच्या नावातच प्राध्यापकांचं आडनाव घाला.

भाचीनं ऑस्टिओपॅथीच्या तीन कॉलेजांनाही अर्ज केला होता. तिथे एमडीऐवजी डीओ ही डॉक्टरकीची पदवी मिळते, आणि त्यांचं पोर्टल वेगळं आहे, तोंडी ॲकोमास. दोन पोर्टलं एकमेकांना पत्रं देत नाहीत. ज्यांनी थेट ॲमकॅसवर चढवलं होतं त्यांना पुन्हा विनंती गेली आणि क्लिनिकच्या डॉक्टरांनी जरा चिडूनच विचारलं, "मी पाठवलंय ना?" इतिहासाच्या बाईंना पत्ताही लागला नाही, त्यांचं पत्र इंटरफोलिओतून दोन्हीकडे गेलं.

जुलैच्या शेवटी प्रत्येक कॉलेजचे स्वतःचे दुसरे अर्ज आले, निबंधच निबंध. ६ ऑगस्टपर्यंत १७ कॉलेजांकडून फाईल पूर्ण झाल्याचं कळलं. दोन कॉलेजं गप्प. भाचीला वाटलं उशीर होत असेल. १० सप्टेंबरला त्यातल्या एकाचा ईमेल: विज्ञानाबाहेरच्या प्राध्यापकाचं पत्र नाही, फाईल अपूर्ण. तिनं पोर्टल उघडलं. पत्र जूनपासून तिथेच होतं. पण पोर्टलवर पत्र येणं आणि ते कॉलेजला जाणं या वेगळ्या गोष्टी आहेत, कुठलं पत्र कुठे जाणार हे प्रत्येक कॉलेजासमोर अर्जदारानं नेमून द्यायचं असतं. या दोन कॉलेजांची नावं तिनं सबमिट करण्याच्या रात्री, पावणेबारा वाजता, शेवटच्या क्षणी वाढवली होती. पत्रं नेमायची राहिली. मीच फोनवर होते, "चल, दाब आता" म्हणत.

कुठल्या कॉलेजला किती आणि कुणाची पत्रं हवीत ते ॲमकॅस तपासत नाही. ते एएएमसीच्या एमएसएआर या माहितीसंचात आणि कॉलेजच्या स्वतःच्या पानावर बघून आपणच जुळवायचं. मी आता मुलांकडून कागदावर तक्ता करून घेते. आडवी पत्रं, उभी कॉलेजं, आणि प्रत्येक घरात तीन खुणा: मागितलं, आलं, नेमलं. एक्सेलमध्येही चालेल, पण कागद भिंतीवर लावता येतो आणि येता-जाता आई बघते. भाचीच्या तक्त्यात तिसऱ्या खुणेचा रकानाच नव्हता.

निकाल असा. तीन मुलाखती, पहिली ऑक्टोबरच्या अखेरीस. एक नकार, एक प्रतीक्षायादी, आणि फेब्रुवारीत एक होकार, तिच्याच राज्यातून. सप्टेंबरपर्यंत अपूर्ण राहिलेल्या दोन्ही कॉलेजांनी मुलाखतीला बोलावलं नाही. ते उशिरामुळे की तसंही बोलावलं नसतं, हे कुणीच सांगू शकत नाही. दाजी अजून म्हणतात, उशिरामुळे नाही. ताई काही म्हणत नाही.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात भाचीचा मेसेज आला, सोबत पोर्टलचा फोटो. ऑरगॅनिकच्या सरांच्या नावापुढे "मिळालं" लिहिलेलं. ते परत आले होते, साठलेली ईमेलं उपसत होते आणि जानेवारीत दिलेला शब्द त्यांनी पाळला होता. तिनं ते पत्र १९ कॉलेजांना नेमलं आणि सरांना हातानं लिहिलेलं आभाराचं कार्ड पाठवलं. पत्रात काय आहे ते तिला माहीत नाही.